पहिल्या चौकटीतला माणूस

गिरधरला आयुष्यात इतक्या अदबीनं कुणी प्रश्न विचारले नव्हते. बायको विचारायची ती दरडावून, चेअरमन शालिग्राम आबा विचारायचे ते मागून येऊन, आणि शेतकरी तर विचारायच्या भानगडीत न पडता थेट आरोपच करायचे. हा मात्र संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात उभा राहायचा. उंच टोपी, पांढरी दाढी, हातात काठी. एकेक प्रश्न इंग्रजीत मांडायचा आणि उत्तराची वाट पाहत डोळे मिचकावत राहायचा. गिरधरनं त्याचं नाव टोपीवाला ठेवलं होतं.

१९९९ सालचा सप्टेंबर होता. फैजपूरजवळच्या त्या गावात, तापीकाठ केळी उत्पादक संस्थेच्या कचेरीत संगणक येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. आबा जळगावला कुठल्याशा मेळाव्याला गेले, तिथं त्यांनी ऐकलं की आखाती देशातले व्यापारी आता इंटरनेटवर बघून माल मागवतात, आणि परतीच्या एस.टी.त बसले तेव्हा ते मनानं अर्धे दुबईला पोचले होते. मग संगणक आला, तो टेलिफोनच्या तारेला जोडायची डबी आली, आणि दुकानदारानं वर एक सीडी दिली. तिच्या खोक्यावर लिहिलं होतं की ज्याला काहीएक येत नाही, त्यालाही यातून वेबसाइट बनवता येते. आबांनी ते वाचून घेतलं, कचेरीभर नजर फिरवली आणि गिरधरपाशी थांबवली. काहीएक न येणारा माणूस घरचाच असताना बाहेर कशाला शोधायचा?

गिरधर संस्थेचा सेक्रेटरी. पण सेक्रेटरी व्हायच्या आधी अकरा वर्षं तो काट्यावर होता, म्हणजे उघड्या आवारात उभं राहून केळीचे घड तोलत होता. उन्हानं टाळू भाजायची, घडाच्या चिकानं सदरे काळे पडायचे, आणि संध्याकाळी कंबर अशी धरायची की जेवायला मांडी घालता येऊ नये. आठ वर्षांपूर्वी आबांनी त्याचं सुंदर अक्षर पाहून त्याला आत खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीला गादी होती आणि डोक्यावर पंखा होता. गिरधरला देव कुठं असतो ते माहीत नव्हतं, पण खुर्ची कुठं आहे ते पक्कं माहीत होतं.

तर त्या सीडीतून निघालेल्या टोपीवाल्यानं विचारायचं आणि गिरधरनं हाताशी इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन उत्तर द्यायचं, असं सोमवारपासून चाललं होतं. आधी टोपीवाल्यानं चाळीस तयार नमुने दाखवले. दाताच्या डॉक्टराचा, फुलवाल्याचा, कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्याचा. कुत्र्यांना आंघोळ घालून कुणाचं पोट भरत असेल, या विचारात गिरधरची अर्धी सकाळ गेली. शेवटी त्यानं शेतीचा नमुना निवडला. त्यात लाल रंगाचं कोठार आणि सात मेंढ्या होत्या. मेंढ्या उंदरानं, म्हणजे हातातल्या माउसनं, ओढून पडद्याबाहेर काढता येत होत्या, हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं. पण मेंढ्यांच्या जागी ठेवायला चित्रांच्या पेटीत केळं शोधलं, तर एकच सापडलं, तेही अर्धं सोललेलं आणि हसणारं. ज्या गावात घडापेक्षा कमीचं कुणी बोलत नाही, तिथं एक केळं! गिरधरनं तेच एक सोळा वेळा उमटवून कसाबसा घड जुळवला. तरी सोळाच्या सोळा केळी हसतच राहिली.

बुधवारी टोपीवाला माणसांवर आला. तुमच्या संस्थेत कोण कोण काम करतं? सगळ्यांची नावं सांगा, आणि कोण कोणत्या साली आलं तेही सांगा. सगळ्यांची म्हटल्यावर गिरधरनं सगळ्यांची दिली. निमंत्रणपत्रिकेत छापतात तशी मानानं दिली. आधी आबा, मग दहा संचालक, मग स्वतः, आणि शेवटी शिपाई आधार. हजेरीपुस्तकातून त्यानं सालं उतरवून घेतली. टोपीवाला आडनाव घेतल्याशिवाय पुढं सरकत नव्हता, आणि हजेरीपुस्तकात पहिल्या पानापासून नुसतं 'आधार शिपाई' लिहिलेलं होतं. गिरधरनं आडनावाच्या रकान्यात 'शिपाई' टाकलं. टोपीवाल्याची काही हरकत नव्हती.

आधार तेव्हा चहा घेऊन आला होता. छपन्न वर्षांचा माणूस, गळ्यात पंचा, पायात टायरच्या चपला. गिरधर त्या दिवशी खुशीत होता, म्हणून म्हणाला, "आधार, तुझं नाव पण टाकलं बरं का. जगभर दिसनार आता."

"माह्यं?" आधारनं पडद्याकडे पाहिलं. त्याला मराठी वाचता येत होतं, इंग्रजी नाही. "कुठी हाये?"

"आत हाये. पूर्न झाल्यावर दावतो."

आधारनं मान हलवली, कप ठेवला आणि गेला. जाताना दाराशी थांबून एकदा मागं वळून पाहिलं.

संध्याकाळी गिरधरनं 'पूर्ण' लिहिलेलं बटण दाबलं आणि 'आमची माणसं' नावाचं पान उघडलं. सगळ्यात वर एक मोठी चौकट होती, बाकीच्यांच्या दुप्पट. तीत लिहिलं होतं: १९७१ पासून, आधार शिपाई. त्याच्याखाली छोट्या चौकटीत: १९७२ पासून, शालिग्राम आबा.

काहीतरी चुकलं असणार, असं म्हणून गिरधरनं आबांना उंदरानं धरलं आणि वर ओढलं. आबा आले. मोठ्या चौकटीत बसलेसुद्धा. पण उंदीर सोडताच आबा सरळ खाली घसरले आणि आधार आपल्या जागी परत आला. गिरधरनं पुन्हा ओढलं. आबा पुन्हा घसरले. असं नऊ वेळा झालं. ज्या माणसाला पंधरा वर्षांत कुणी हरवलं नव्हतं, त्याला हा टोपीवाला एका सेकंदात खाली आणत होता, तेही डोळे मिचकावून.

शब्दकोशात शोधशोधून शेवटी अर्थ लागला. या नमुन्यात माणसं जुन्यानव्या क्रमानं आपोआप लागत होती. नवशिक्याला त्रास नको, म्हणून यंत्रानं ते काम स्वतःकडे घेतलं होतं. गिरधर हजेरीपुस्तकाकडे पाहत राहिला. एवढी वर्षं तो ते रोज उघडत होता, आणि संस्थेतला सगळ्यात जुना माणूस आधार आहे हे त्याला कधी सुचलं नव्हतं. सुचणार कसं? पुस्तकात तर आधार कायम शेवटच्या ओळीत.

गुरुवारी आबा मागून आले. पडद्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मोठी चौकट आणि छोटी चौकट यातला फरक कळायला इंग्रजी लागत नाही.

"वरचा कोन हाये?"

"आधार, आबा. यंत्राची चूक हाये. मी काढतो."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "रविवारी सभा हाये," ते म्हणाले. "पंडित गुरुजी सऱ्यायसमोर इंग्रजी वाचून दाखवतीन. त्यायले तं निमितच पायजे. गिरधर, मले हसू झालेलं चालनार नई. तुले जमत नसन तं सांग, काट्यावर मानूस कमीच हाये."

पंडित गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि संचालक मंडळातले आबांचे एकमेव विरोधक. गिरधरचा हात आपोआप कमरेवर गेला.

शुक्रवारभर तो टोपीवाल्याशी झुंजला. दुसरे नमुने लावून पाहिले, तर सोळा केळी पानभर पांगली आणि दाताच्या डॉक्टराची खुर्ची मधोमध आली. ती घालवायला त्यानं 'मागे घ्या' हे बटण दाबलं, तेव्हा खुर्ची गेली आणि मेंढ्या परत आल्या. इतक्या सोप्या गोष्टीनं माणसाला इतकं वेड लावावं हे त्याला कळत नव्हतं. सोपं सोपं म्हणत यंत्र सगळं आपल्या मनानं करत होतं, आणि आपल्या मनात काय आहे ते त्याला सांगायचं कसं, याचं बटण कुठंच नव्हतं.

एक उपाय दिसत होता. आधारच्या नावापुढं १९७१ काढून दुसरं कुठलंही साल टाकायचं, की तो आपोआप खाली जाईल. गिरधरनं साल खोडलं, १९९१ लिहिलं, आणि हात थांबला. आठ वर्षांत त्यानं दप्तरात एक तारीख खोटी लिहिली नव्हती. त्याला ते जमेना. त्यानं पुन्हा १९७१ केलं. दुसरा उपाय म्हणजे नावच गाळायचं. त्यात खोटं काही नव्हतं. खोटी तारीख लिहिणं हे कारकुनाचं पाप, नाव गाळणं मात्र त्या यादीत बसत नाही. असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि समजावताना त्याला आपलंच तोंड बघवेना.

शनिवारी दुपारी आधार चहा घेऊन आला, आणि कप ठेवून गेला नाही. पंच्याला हात पुसत उभा राहिला.

"गिरधरभाऊ, लताचा फोन आल्हता."

लता आधारची मुलगी. धुळ्याला दवाखान्यात नर्स होती.

"तिच्या दवाखान्याजोळ कम्प्युटरचं दुकान हाये. तठी घंट्याले पैसे देऊन बसता येते म्हने. मी तिले सांगलं की तुह्या बापाचं नाव आलं. तं उद्या तीन वाजता तिची ड्यूटी सुटते, सुटली का ते पान पाह्यनार हाये. मैतरनीयले बी नेनार हाये." एवढं बोलून तो जरा लाजला. "ती म्हने, नाव इंग्रजीत कसं दिसते ते मले लिहून पाठोवते."

गिरधरनं चहाचा घोट घेतला. तो गरम होता तरी त्याला लागला नाही. "बरं," तो म्हणाला. यापेक्षा वाईट उत्तर त्यानं आयुष्यात दिलं नव्हतं, आणि हे त्याला तेव्हाच कळत होतं.

संध्याकाळी त्यानं आधारचं नाव गाळलं, सालाला मात्र हात लावला नाही. मोठी चौकट वर तशीच राहिली, रिकामी, तुटक रेघांची. आबा खाली तसेच, पण आता त्यांच्या वर कुणी नव्हतं. रिकामा रकाना कुणी वाचत नाही, सरकारी फॉर्मात आपण आडवी रेघ मारून पुढं जातो, तसंच इथं असणार, असा त्यानं हिशेब केला. टोपीवाल्यानं विचारलं, 'हे पान जगाला दाखवू?' गिरधरनं हो म्हटलं. टेलिफोनची डबी कर्कश ओरडली, निळी पट्टी हळूहळू भरली, आणि तो दिवा मालवून घरी गेला. रात्री जेवला नाही, बायकोला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी गोदामात सभा भरली. केळीच्या रिकाम्या क्रेटवर पाऊणशे माणसं बसली होती. मागच्या सभेचा वृत्तांत झाला, खताचा विषय झाला, त्यावरून नेहमीची दोन भांडणं झाली. आधार पाण्याचा जग आणि पेले घेऊन रांगांतून फिरत होता. आज त्यानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. तो पाहिल्यापासून गिरधरची नजर तिकडे जाईना.

अडीच वाजता, कचेरीतून टेलिफोनच्या लांब तारेसकट आणून टेबलावर ठेवलेला संगणक सुरू झाला. पुढच्यांनी बघायचं आणि पंडित गुरुजींनी मागच्यांसाठी वाचायचं, असं ठरलं होतं. हसणारी केळी पाहून एकदोघं खाकरले, पण एकूण रंग चांगला होता. मग 'आमची माणसं' आलं. गुरुजी चष्मा सावरून वाचू लागले. शालिग्राम आबा, १९७२ पासून. टाळ्या झाल्या. पंडित गुरुजी, १९७४ पासून. स्वतःचं नाव गुरुजींनी जरा मोठ्यानं वाचलं. एकेक नाव येत गेलं.

आधार मधल्या रांगेत जग धरून थांबला होता. कुणी पेला पुढं केला तरी त्याला दिसला नाही. मान किंचित तिरपी करून तो ऐकत होता. दहा नावं झाली. अकरावं झालं. "गिरधर, सेक्रेटरी, १९८० पासून," गुरुजी म्हणाले. "संपलं."

आधार आणखी क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं समोरच्या पेल्यात पाणी ओतलं. गिरधरनं ते पाहिलं, आणि त्याला वाटलं की काट्यावर उन्हात उभं राहणं याच्यापेक्षा सोपं होतं.

"गुरुजी, तुमी वरलं वाचलंच नई," पुढून आवाज आला. तो झुंबरबाईंचा होता. संस्थेचे पहिले चेअरमन हे त्यांचे यजमान. ते वारून बारा वर्षं झाली होती, पण त्यांची पुढची जागा अजून कुणी घेत नसे. "वर सऱ्यायत मोठं चित्र हाये ते."

सगळ्यांनी पाहिलं. जी चौकट काल तुटक रेघांची होती, तीत आज एक करडं डोकं होतं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता खांद्यापर्यंतचा आकार. जिथं माणूस नसेल तिथं टोपीवाला स्वतःहून एक डोकं बसवत होता. नवशिक्याचं पान रिकामं दिसू नये, हीही त्याचीच सोय. खाली साल मात्र स्पष्ट होतं.

"१९७१ पासून," गुरुजींनी वाचलं. "नाव नाही."

गोदामात कुजबुज उठली. कुणी म्हणालं, देवाची जागा ठेवली असेल. कुणी म्हणालं, दुबईच्या व्यापाऱ्याची.

"एकाहत्तर साली अठी काय व्हतं?" झुंबरबाई म्हणाल्या. त्या कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या, आठवत होत्या. "कायीच नव्हतं. नुसतं काट्याकुट्याचं रान. आमचे हे व्हते अन् आधार व्हता. रान त्यानं साफ केलं, पयली झोपडी त्यानं उभी केली, पयला घड त्यानं तोलला. आमचे हे तं गेले." त्यांनी मागं वळून पाहिलं. "मंग हे डोकं आधारचंच असीन ना रे, गिरधर?"

पाऊणशे माणसं वळली. आधार जग छातीशी धरून उभा होता आणि त्याला कुठं बघावं ते समजत नव्हतं.

गिरधरनं आबांकडे पाहिलं. आबा गोदामाच्या पत्र्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. एवढ्या वर्षांत आबांचा चेहरा वाचून गिरधर खुर्चीवर टिकला होता, आणि आज नेमका तोच वाचता येत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती.

तो खुर्चीवर बसला. बिननावाच्या चौकटीवर उंदीर नेऊन दाबला. टोपीवाला लगेच हजर झाला, काठी हलवली आणि विचारलं: नाव? गिरधरनं एका बोटानं आधार लिहिलं. टोपीवाल्यानं विचारलं: आडनाव?

गिरधरचं बोट थांबलं. 'शिपाई' लिहायला एक क्षणही लागला नसता. पण ते पान धुळ्यात लता उघडणार होती, मैत्रिणींना घेऊन. तो मागं वळला. 

"आधारभाऊ," तो म्हणाला, आणि हा शब्द आपल्या तोंडून पहिल्यांदाच निघतोय हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं. "तुमचं आडनाव काय?"

 त्या पाऊणशे जणांत ते कुणाला माहीत होतं, असं दिसेना. आधारनं आधी आबांकडे पाहिलं, मग झुंबरबाईंकडे. मग त्यानं जग खाली ठेवला, हे काम जग धरून करायचं नाही असं ठरवल्यासारखा.

"तायडे," तो म्हणाला. मग पूर्ण नाव सांगितलं. "आधार सुपडू तायडे."

गिरधरनं ते सगळं लिहिलं, वडिलांच्या नावासकट. चुकू नये म्हणून गुरुजींना एकेक अक्षर विचारून लिहिलं, आणि गुरुजींनीही बाकी काही न बोलता सांगितलं. टोपीवाल्यानं विचारलं, 'हे पान जगाला दाखवू?' गिरधरनं हो म्हटलं. टेलिफोनची डबी ओरडली. निळी पट्टी सरकू लागली, इतकी हळू की लोक दम धरून तिच्याकडे बघत बसले.

उद्या खुर्चीवर यायचं की काट्यावर, हे आबांनी सांगितलं नाही आणि गिरधरनं विचारलं नाही. आबा उठले, पडद्याजवळ गेले, वाकून मोठ्या चौकटीकडे पाहिलं आणि परत आपल्या जागी येऊन बसले.

आधार टेबलापाशी आला, पण त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. तो घड्याळ पाहत होता.

"लताले फोन करून सांगायचं का?" गिरधरनं विचारलं, आणि मग त्याला आठवलं. "पण लाइन तं यातच गुतलेली हाये. फोन लागनार नई."

"राहू द्या," आधार म्हणाला. "ती तीनलेच जाईन. वेळेची पक्की हाये ती."